नागपूरच्या माशीला नागपूरचे कोष्टक हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पहिल्या पानावर न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेच्या फिरत्या गाडीचा फोटो होता. पांढरीशुभ्र गाडी, आत निळी खोकी, बॉनेटवर झेंडूचा हार. पाहून बरे वाटले. पण लगेच मला लोणच्याची एक बरणी आठवली. दोन दिवस ती डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी इथल्या एका महाविद्यालयात ३१ वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. नव्वदच्या दशकातला मे महिना होता. परीक्षा आटोपल्या होत्या आणि मी प्रयोगशाळेत डेडस्टॉकची यादी तपासत होते. भर दुपारी एक जमादार आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत लोणच्याची काचेची बरणी, बरणीत फॉर्मॅलिन आणि तळाशी पन्नासेक अळ्या.

"मॅडम, तुम्ही किड्यामाकोड्यांच्या ना? साहेबांनी विचारलं, ह्या किती दिवसांच्या ते सांगा. विहिरीत बाईचं प्रेत सापडलं. मर्ग दाखल केला, पण ओळख पटून नाही राहिली. किती दिवस झाले एवढं कळलं तर हरवलेल्यांच्या यादीशी ताडून पाहू."

मी विचारले, अळ्या कधी उचलल्या? प्रेत पाण्यावर तरंगत होते की बुडालेले? विहिरीवर सावली होती का? जमादार माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "पीएमच्या टेबलावरून उचलल्या. परवा. नाही, तेरवा." बरणीवर चिठ्ठी नव्हती. फॉर्मॅलिनमध्ये अळ्या आक्रसून कडक झालेल्या. माझ्या कपाटात एक इंग्रजी पाठ्यपुस्तक होते, त्यात अळीच्या लांबीवरून वय काढायचे कोष्टक होते. पण ते विलायतेतल्या माशीचे, थंड हवेतले. बाहेर ४५ अंश तापलेल्या नागपुरात त्याचा काय उपयोग? मी त्यांना सांगितले की मला सांगता येणार नाही.

ते रागावले नाहीत. माठातले पाणी प्यायले, पिशवी उचलली आणि दारातून वळून म्हणाले, "मग लिहू काय?"

पुढे मर्गचा, म्हणजे आकस्मिक मृत्यूच्या नोंदीचा, कागद बंद झाल्याचे कानावर आले. ती बाई कोण होती, हे शेवटपर्यंत कळले नाही. जमादारांना मी दोष देत नाही. अळ्या कशा उचलायच्या हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मलाही एम.एस्सी.त कोणी शिकवले नव्हते. विदर्भात अळी म्हटली की बोंडअळी. किती उन्हाला ती किती दिवसांत कोषात जाते, याचा हिशेब आपल्याच शहरातल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत मिळेल, कारण त्यावर शेतकऱ्याचे पीक अवलंबून आहे. मेलेल्या माणसावरच्या अळीचा हिशेब मांडायची गरज कोणाला वाटली नव्हती.

खरे तर गुन्ह्याच्या तपासात जीवशास्त्र आले तेच माशीच्या पंखांवर बसून. सोंग त्सी या चिनी न्यायाधिकाऱ्याने १२४७ मध्ये तपासाची रीत लिहून ठेवली, त्यात एक हकीकत आहे. गावात विळ्याने खून झाला. तपासनीसाने सगळ्यांना आपापले विळे उन्हात मांडायला लावले. बाकीचे कोरडे राहिले, एका विळ्यावर मात्र माशा घोंघावू लागल्या. धुतलेल्या पात्यावरचा रक्ताचा अंश माणसाला दिसला नाही, माशीला वास आला. विळेवाल्याने कबुली दिली. पहिल्या तासाला ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करायची.

पण माशी बसते आणि अळी होते यातला संबंध युरोपात सिद्ध व्हायला १६६८ साल उजाडले. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडीने मांसाची काही भांडी उघडी ठेवली, काही जाळीने झाकली आणि दाखवून दिले की अळी सडण्यातून आपोआप उपजत नाही, माशीच्या अंड्यातून निघते. पुढे १८५० मध्ये फ्रान्समधल्या बर्जेरे नावाच्या डॉक्टरपुढे एक प्रकरण आले. घराची डागडुजी करताना शेगडीमागच्या भिंतीत तान्ह्या बाळाचे वाळलेले प्रेत सापडले होते. अंगावरचे कोष आणि पतंगांच्या अळ्या पाहून त्याने सांगितले की प्रेत काही वर्षे जुने आहे. संशय त्या वेळच्या बिऱ्हाडावरून आधीच्या बिऱ्हाडावर गेला. यातली गंमत अशी की कीटकाचे एक आयुष्यचक्र पुरे व्हायला साधारण वर्ष लागते, असे त्याने गृहीत धरले होते. वाट बरोबर, घड्याळ चुकीचे. माझ्या पत्राचा मुद्दा तोच आहे.

घड्याळ नीट लावायला सुरुवात केली ती मेन्याँ या फ्रेंच लष्करी पशुवैद्याने. उघड्यावरच्या प्रेतावर कीटकांच्या आठ लाटा ठरावीक क्रमाने येतात, असे त्याने १८९४ मध्ये मांडले. आधी माशा, मग भुंगेरे, शेवटी कातडे-केस खाणारे पतंग आणि किडे. जळालेल्या रानात आधी गवत, मग झुडपे, मग झाडे येतात, तसाच हा क्रम. परिसरशास्त्र तपासात शिरले ते इथून. हे काम पशुवैद्याने केले, ही गोष्ट नागपूरकरांनी लक्षात ठेवावी. पुढे मी त्यावर येणार आहे.

आपल्या देशात मात्र तपासात विज्ञान आले ते रसायनाच्या बाटलीतून. १८४९ मध्ये मद्रासला रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा निघाली, मुख्यतः विषप्रयोग ओळखण्यासाठी. त्या नावाची सावली अजून हटलेली नाही. रक्ताचा डाग असो, केस असो की व्हिसेरा, पोलिस ठाण्यात आजही 'सीएचा रिपोर्ट आला का' असेच विचारतात. सीए म्हणजे केमिकल अॅनालायझर. जीवशास्त्र त्या घरातली धाकटी सून. कामाला सगळ्यात पुढे, नाव थोरलीचे.

तिचे काम थोडे नाही. १९०१ पर्यंत कपड्यावरचे रक्त माणसाचे की कोंबडीचे, हे खात्रीने सांगता येत नव्हते. "कोंबडी कापली होती साहेब" म्हटले की विषय संपला. त्या वर्षी जर्मनीत उलेनहूटने माणसाचे रक्त ओळखणारे रक्तजल (सीरम) शोधले आणि त्याच वर्षी व्हिएन्नात लँडस्टायनरने रक्तगट जाहीर केले. डीएनएची कथा सर्वांना ठाऊक आहे, तरी तिचा एक भाग लोक विसरतात. अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये डीएनएचे ठसे सापडले. इंग्लंडातल्या लेस्टरजवळच्या दोन मुलींच्या खुनात ते पहिल्यांदा वापरले, तेव्हा त्यांनी आधी सोडवले ते एका तरुणाला, ज्याने पोलिसांपुढे कबुली दिलेली होती. खरा गुन्हेगार नंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली.

आणि आपल्या डीएनए-ठशांची सुरुवात एका सापापासून आहे, हे किती जणांना माहीत असेल? हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्रातले डॉ. लालजी सिंग यांनी वापरलेला डीएनएचा तुकडा मुळात पट्टेरी मण्यारीच्या लिंग-गुणसूत्रातून मिळालेला होता. साप नर-मादी कसे होतात याचा अभ्यास चालला होता, त्यातून हे निघाले. केरळातल्या एका पितृत्वाच्या दाव्यात भारतीय न्यायालयापुढे डीएनएचा पुरावा आला तो याच मार्गाने. पूर्व विदर्भात धुऱ्यावर मण्यार दिसली की आपण आधी काठी शोधतो.

आता माझ्या गच्चीकडे येते. 'मग लिहू काय?' या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. पुढच्याच आठवड्यात महालातून अर्धा किलो कलेजी आणली. आमचे घर शाकाहारी. सासूबाईंनी जिन्यातच अडवले. "अगं, जिवंत माणसांना वाढायचं सोडून माशांना काय जेवू घालून राहिली?" नंतरचे आठ दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. मांजर आणि कावळ्यांपासून राखायला कोंबडीच्या जाळीचा पिंजरा केला. कलेजीचा एक तुकडा उन्हात, एक पाण्याच्या टाकीखाली सावलीत, दोन्हीकडे थर्मामीटर आणि एक दोनशेपानी वही.

उन्हातला तुकडा दुपारपर्यंत चपलेच्या तळासारखा वाळला, त्यावर एकही अंडे नाही. सावलीतल्या तुकड्यावर दहा मिनिटांत पहिली निळी-हिरवी माशी बसली. संध्याकाळी रव्याच्या दाण्यांसारखे अंड्यांचे पुंजके, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातून सुटलेल्या अळ्या. पाचव्या दिवशी पोट भरलेल्या अळ्या कलेजी सोडून कोरड्या मातीच्या शोधात भटकू लागल्या. नवव्या दिवशी माशा उडाल्या. हाच प्रयोग जानेवारीत केला, तेव्हा माशी उडायला चोवीस दिवस लागले. माशी तीच, गच्चीही तीच. कोणी एकाच कोष्टकावरून साक्ष दिली, तर खुनाच्या दिवशी पुण्यात असलेला माणूस नागपुरात होता असे ठरेल.

याचे कारण साधे आहे. कीटकाला स्वतःची ऊब नसते. बाहेरची ऊब तासातासाने साठत जाते, तशी अळी वाढते. बोंडअळीचा हिशेब असाच मांडतात. मात्र एका मर्यादेपलीकडे ऊन गेले की वाढ थांबते, अळी मरतेसुद्धा. दाटीने खाणाऱ्या अळ्यांच्या गोळ्यात थर्मामीटर खुपसला, तर तो हवेपेक्षा कितीतरी जास्त दाखवतो. म्हणजे नुसते वेधशाळेचे तापमान घेऊनही चालत नाही. पावसाळ्यात मुंगळ्यांनी माझी अंडीच पळवली, दोन दिवस काही उरू दिले नाही. शिवाय दुसऱ्या एका जातीच्या केसाळ अळ्या मागाहून येऊन आधीच्यांना खातात. नुसत्या उरलेल्या अळ्या मोजणारा तिथे फसतो.

आणि एवढे करूनही अळीचे वय ही मृत्यूची वेळ नसते. माशी प्रेतापर्यंत कधी पोचली, एवढेच त्यातून कळते. मृत्यू त्याआधी कधीतरी झालेला. विहिरीत बुडालेल्या बाईवर माशी बसली असेल ती प्रेत वर आल्यावर. मी त्या दिवशी जमादारांना एक आकडा सांगितला असता, तर तो बहुधा चुकीचा निघाला असता, आणि चुकीच्या आकड्याने हरवलेल्यांच्या यादीतले बरोबर नाव खोडले गेले असते. या विषयात छातीठोकपणाची किंमत दुसराच कोणी तरी चुकवतो. सूक्ष्मदर्शकाखाली केसाला केस जुळवून दिलेल्या जुन्या साक्षी अमेरिकेच्या एफबीआयने पुन्हा तपासल्या. २०१५ मध्ये त्यांनीच कबूल केले की पाहिलेल्या खटल्यांपैकी किमान ९० टक्क्यांत साक्षीदार विज्ञानाच्या पुढे जाऊन बोलले होते.

पाण्याचेही तसेच. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर, सोनेगाव, सक्करदरा, नागपूर तळ्यांचे गाव आहे आणि तळ्यात प्रेत सापडल्याची बातमी आपल्या अंकात अधूनमधून असतेच. माणूस जिवंतपणी बुडाला असेल, तर नाकातोंडातून गेलेल्या पाण्याबरोबर डायटम नावाची सूक्ष्म शेवाळे फुप्फुसातून रक्तात आणि धडधडत्या हृदयामुळे हाडांच्या मगजापर्यंत जातात. त्यांचे कवच काचेच्याच द्रव्याचे, आम्लात उकळले तरी टिकते. मारून पाण्यात टाकलेल्याचे रक्त फिरत नाही, म्हणून मगजात ती पोचत नाहीत. पण डायटम नळाच्या पाण्यातही असतात. त्यामुळे मगजात सापडलेले आणि त्याच तळ्यातले यांचा मेळ बसायला हवा, आणि न सापडले म्हणून बुडाला नाही असेही म्हणता येत नाही. मी बी.एस्सी.च्या मुलांना अंबाझरीचे पाणी दाखवायची, होडीसारखे नॅव्हिक्युला, सुईसारखे निट्झ्शिया. तळे बदलले, ऋतू बदलला की त्यांची वस्तीही बदलते. प्रेताबरोबर तळ्याचे बाटलीभर पाणी पाठवले नाही, तर तुलना कशाशी करायची? बाटली दोन रुपयांची, पण पंचनाम्यात तिचा उल्लेखच राहून जातो.

जंगलाच्या बाजूने आपण जरा पुढे आहोत, हेही सांगायला हवे. शिजवलेले मांस चितळाचे की बकऱ्याचे, हे मायटोकाँड्रियाच्या एका जनुकावरून ओळखायची पद्धत सुनील कुमार वर्मा आणि लालजी सिंग यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. जप्त केलेले वाघाचे कातडे कोणत्या जंगलातल्या वाघाचे, हे कॅमेऱ्यातल्या फोटोतल्या पट्ट्यांशी जुळवून सांगता येते, कारण दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. वर्षानुवर्षे रात्री कॅमेरे लावून फोटो जमवले, म्हणून हे शक्य झाले.

आधी जमवलेली माहिती म्हणजे कोष्टक, आणि तीही जुनी होते. माझ्या लहानपणी गावाबाहेर टाकलेले ढोर गिधाडे बघता बघता साफ करत. गिधाडे कशाने मेली त्याचा तपास म्हणजे परिसरशास्त्राने केलेले शवविच्छेदनच होते. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गिधाडांच्या मूत्रपिंडांना मारते, हे २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून पेंच-ताडोब्यात पुन्हा गिधाडे आणली, हे चांगले झाले. पण मधल्या काळात उघड्यावरच्या प्रेताचा क्रमच बदलून गेला. गिधाडांऐवजी कुत्री आली आणि अळ्यांना जास्त दिवस मिळू लागले.

आता मागणी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. त्यासाठीच या गाड्या. पण गाडीतला तज्ज्ञ नागपूरच्या अळीचे वय कशावरून सांगणार? पटियालाच्या पंजाबी विद्यापीठात या माशांवर चांगले काम झाले आहे, पण पटियालाचा जानेवारी आपला नव्हे आणि आपला मे त्यांचा नव्हे.

अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाने १९८१ मध्ये दान केलेली मानवी प्रेते उघड्यावर ठेवून असा अभ्यास सुरू केला. आपल्याकडे तेवढे लगेच होणार नाही, आणि व्हायलाही नको. डुकराच्या प्रेतावर हा अभ्यास जगभर चालतो, आणि नागपुरात डुकरांची टंचाई असल्याचे मी तरी ऐकलेले नाही. बाकी सगळे या एकाच शहरात आहे. पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, मेडिकल आणि मेयोत न्यायवैद्यक विभाग आहेत, प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन केंद्र आहे. पशुवैद्य, डॉक्टर, प्रयोगशाळेतले लोक आणि कीटकवाले यांनी तीन ऋतू एका कुंपणाच्या जागेत एकत्र काम केले, तरी मे, ऑगस्ट आणि जानेवारीची कोष्टके तयार होतील. ती प्रत्येक शवविच्छेदनगृहाच्या भिंतीवर लावा.

आणि ठाण्याठाण्यात एक साधा कागद द्या. अर्ध्या अळ्या गरम पाण्यात बुडवून मग स्पिरिटमध्ये ठेवाव्यात, फॉर्मॅलिनमध्ये टाकू नयेत. उरलेल्या अर्ध्या कलेजीच्या तुकड्यासह जिवंत पाठवाव्यात, म्हणजे त्यांची माशी होईल आणि जात नक्की कळेल. जागेचे आणि अळ्यांच्या गोळ्याचे तापमान लिहावे, बरणीवर तारीख आणि वेळ टाकावी. एवढे पोस्टकार्डावर मावते.

माझ्याकडे गच्चीवरच्या अकरा वर्षांच्या नोंदवह्या आहेत, एकूण सात. थर्मामीटर कॉलेजच्याच प्रयोगशाळेतले, त्यामुळे मोजमाप साधे आहे, आणि काही पानांवर डाग आहेत, त्याला इलाज नाही. पण ऋतूंचा फरक त्यात स्पष्ट दिसतो. वर लिहिलेल्यांपैकी कोणाला हव्या असतील, तर मी विनामोबदला देईन. आपल्या कार्यालयात माझा पत्ता ठेवला आहे. यायचे असेल तर दुपारी चारनंतर आणि दिवाळीच्या आधी यावे. घराला रंग द्यायचे ठरले आहे आणि चिरंजीवांनी जाळीचे पिंजरे भंगारवाल्याला दाखवूनही झाले आहेत.

आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका
मानेवाडा, नागपूर